बयनाचं बोलणं

"तिच्याकडं पाहून बोलजा, माय. माह्याकडं पाहून नोको. बहिरी ती हाये, मी नाही."

भागाबाईचं हे सांगणं मनकर्णाला आठवलं ते भर अदालतीत, आणि आठवू नये अशा वेळी. समोर न्यायाधीश चष्म्याच्या काचा पुसत होते. शेजारी तिचा जुनिअर नागनाथ उगाच कागद चाळत होता. मागच्या बाकावर बयनाबाई मांडीवर एक गठडी घेऊन ताठ बसली होती. आणि विरुद्ध बाजूचे अमृतराव वकील, बाजारात किडकं वांगं दोन बोटांत धरून दाखवावं तसं, अर्जाचं शेवटचं पान सगळ्यांना दाखवत होते.

त्या पानावर निळा शिक्का होता. शिक्क्याखाली सही होती, ती मनकर्णाची.

मनकर्णा दुर्गे आदिलाबादच्या अदालतीत सोळा वर्षं वकिली करत होती. आईबाप बेल्याकडच्या शेतांत मजुरीनं राबले. पोरीला मात्र काळा कोट चढवून गेले. अपंगांचा नवा कायदा दिल्लीत झाला तेव्हा इकडं तो कोणाला ठाऊकही नव्हता. मनकर्णानं बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत नुसते अपंगांचे दावे चालवायला एक संस्था उभी केली. संस्था म्हणजे माणसं किती? ती स्वतः, नागनाथ, आणि टायपिस्ट चंपत. चंपतचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं नेलेले. "दोन पाय हाडाचे, दोन लाकडाचे," कुबड्या भिंतीला टेकवत तो म्हणायचा, "चार पायाचा मी. मानसाच्या अदालतीत मले घेतात हेच लय झालं."

मनकर्णाचा एक नेम होता. रोज सकाळी मेणबत्ती लावून, बुद्धापुढं हात जोडून ती पंचशील घ्यायची, मगच चहा. चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही या शब्दांपाशी, ती एक श्वास थांबायची. वकिलाच्या जिभेवर ते शील म्हणजे निखारा. तरी सोळा वर्षं तिनं तो जपला होता. निदान तिला तसं वाटत होतं.

आणि मग तो शिक्का.

ज्याला लिहितावाचता येत नाही त्याचा अंगठा घेतला, की अर्जाखाली एक ओळ लिहावी लागते: मजकूर अर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखवला, त्याने तो ऐकला, त्यास तो समजला, व त्याने माझ्यासमोर अंगठा केला. खाली वकिलाची सही. चंपत ती ओळ दर अर्जावर हातानं लिहायचा. कुबड्यांनी खांदे भरून यायचे, आणि वर हे लिहिणं. एकदा तो निर्मलला गेला आणि त्या ओळीचा रबरी शिक्काच करून घेऊन आला. "घ्या बाई. आता धपाधप." मनकर्णा हसली होती. तिला बरंच वाटलं होतं. दर बुधवारी तिघं जीप भाड्यानं करून खेड्यांवर जायची, एका फेरीत पाच गावं, आणि शिक्क्यामुळं प्रत्येक गावी अर्ध्या तासाची बचत व्हायला लागली. आंधळ्याचा अर्ज, लंगड्याचा अर्ज, वेडसर ठरवलेल्या बाईचा अर्ज, सगळ्यांखाली तीच निळी ओळ. ऐकला. समजला.

अशाच एका बुधवारी, होळी झाल्यावर, जीप वाकडीला गेली होती. बेल्याच्या पुढं, पैनगंगेच्या काठाला, भागाबाई माळणीची वाडी. मेथी, वांगी, थोडी मिरची. भागाबाईची एकुलती लेक बयना जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. लग्न शेजारच्या गावी, मारोतराव किराणेवाल्याच्या मुलाशी झालेलं. नवरा बरा होता, खुणा शिकला होता. मग एके दिवशी कापसाची भरली गाडी उलटली आणि तो तिच्याखाली गेला. तेरवी झाली आणि मारोतरावानं सुनेला माहेरी आणून सोडलं, चार दिवसांसाठी म्हणून. नात ठेवून घेतली. चार दिवसांचे चार महिने झाले. भागाबाई न्यायला गेली तेव्हा तो दुकानाच्या ओट्यावरून बोलला, "मुकीजवळ ठेवून पोट्टी मुकी करू काय?"

पोट्टीचं नाव कौतिका. वय चार सरून काही महिने. ती मुकी नव्हती. ती आजीशी तोंडानं बोलायची आणि आईशी हातांनी, आणि दोन्हीत सारखीच भांडखोर होती, असं भागाबाई सांगत होती.

"असं पाहा," म्हणत भागाबाईनं तीन बोटं हनुवटीला लावली. "कौतिकाले इथं तीन ठिपके गोंदले हायेत ना, म्हणून हे तिचं नाव. अन् असा गळा चिमटीत धरला तं खरं, देवाशप्पत. बयनाचं सारं बोलनं असं हाये. तिनं तिचं बनवलं, मी शिकलो, जावई शिकला, पोट्टी तं दुधासंगं शिकली. बाकी गावात कोनाले येत नाही. कोनाले गरजच काय?"

मनकर्णा भराभर टिपून घेत होती. तेव्हाच भागाबाई ते बोलली. तिच्याकडं पाहून बोलजा, माय.

मनकर्णानं मान वळवून पाहिलं. बयना वाफ्याच्या कडेला बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. तिची पाठ यांच्याकडं होती. जुडी हातावर आपटून माती झाडायची, केळीच्या सोपटानं गाठ मारायची, शेजारी ठेवायची. अजून तीन गावं राहिली होती, आणि नागनाथ घड्याळ दाखवत होता.

"तुम्ही समजावून सांगा तिला, भागाबाई."

"सांगीन ना घरी. निवांत सांगीन."

चंपतनं बयनाचा हात धरला, अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला. तिनं अंगठ्याकडं पाहिलं, मग आईकडं. आईनं मान हलवली. शिक्का बसला, धप्प. मनकर्णानं सही केली.

श्रावणात भागाबाईला कावीळ झाली. आदिलाबादला दवाखान्यात आणेपर्यंत डोळे हळदीसारखे झाले होते. मनकर्णा भेटायला गेली तेव्हा बयना खाटेच्या पायथ्याशी आईची पावलं धरून बसली होती.

"माह्यामागं हिचं बोलनं कोन पायन, वकीलबाई?" भागाबाईचा आवाज पार खाली गेला होता. "मानूस मेल्यावर त्याची भाषा मरत नाही म्हनते. हिची तं माह्यासंगं मरून राह्यली."

"मी शिकेन," मनकर्णा म्हणाली. "तुमच्या घरी येऊन राहीन, शिकेन."

"वाचा देऊन राह्यली?"

"दिली."

तिसऱ्या दिवशी भागाबाई गेली. मनकर्णा मातीला गेली. परत आली. मग अदालतीतल्या दिवाळीआधीच्या पेश्या-तारखा, मग बसपासचा दावा, मग एका आंधळ्या मास्तराची नोकरी. पुढच्या बुधवारी जाऊ, त्याच्या पुढच्या बुधवारी जाऊ. बुधवार येत होते आणि जात होते. भागाबाईला वाचा दिली होती, शब्द दिला होता, हे ती विसरली नाही. रोज सकाळी आठवायचं, आणि रोज सकाळी तेवढ्यापुरतंच.

आणि आज ही पेशी.

सकाळी चंपत स्वतः जाऊन बयनाला बसनं घेऊन आला होता. अदालतीच्या व्हरांड्यात मारोतराव, त्याची बायको आणि कौतिका आधीच येऊन बसले होते. पोरीच्या अंगात नवा फ्रॉक, केसांना तेल. वर्षभरानं आईनं लेक पाहिली. बयना धावली नाही. दहा पावलांवर थांबली, तीन बोटं हनुवटीला लावली, आणि मग दोन्ही हातांनी भराभरा काहीतरी बोलू लागली. हात थांबेनात. घशातून तो जाडा, ओबडधोबड आवाज निघत होता, जो तिचा तिला ऐकू येत नव्हता. व्हरांड्यातले पक्षकार वळून पाहायला लागले. दोघं हसले.

कौतिकानं आजीकडं, मारोतरावाच्या बायकोकडं, पाहिलं. आजीनं तिचा हात लुगड्याखाली दाबून धरला. पोरीनं हसणाऱ्या माणसांकडं पाहिलं, आणि तीही हसली. त्यांच्यासारखीच.

बयनाचे हात हवेतच राहिले.

"पाह्यलं?" मारोतराव मनकर्णाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, तेच वाईट होतं. "वळखत बी नाही आता. काऊन त्या लेकराले तोडता, बाई? माहा पोरगा गेला, तेवढी एक निशाणी हाये घरात."



पुकारा झाला. न्यायाधीश हैदराबादकडचे, तेलुगू बोलणारे, मवाळ माणूस. त्यांनी याआधी तीन तारखा याच कारणासाठी वाढवून दिल्या होत्या, की बयनाची साक्ष घ्यायला खुणा जाणणारं कुणीतरी आणा. आज बहिऱ्यांच्या एका शाळेतल्या शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी शाळेच्या खुणांनी विचारलं, तुमचं नाव काय? बयना त्यांच्या हातांकडं पाहत राहिली. मग तिनं हनुवटीला तीन बोटं लावली, गळा चिमटीत धरला, दोन्ही हात पोटाशी ओढले, पुन्हा गळा धरला. शिक्षिकेनं दोनदा, तीनदा प्रयत्न केला. शेवटी त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "साहेब, ही कधी शाळेत गेलेली नाही. हिच्या खुणा हिच्या घरच्या आहेत. मला त्या येत नाहीत. मी काही सांगितलं तर ते माझ्या मनाचं होईल."

गळा धरणं म्हणजे खरं, एवढं मनकर्णाला येत होतं. हनुवटी म्हणजे कौतिका, तेही येत होतं. मधलं येत नव्हतं.

तेव्हा अमृतराव उठले. वयस्क, पांढऱ्या मिशांचे, मनकर्णाला नेहमी 'बेटी' म्हणणारे. त्यांनी शेवटचं पान उचललं.

"साहेब, अर्जदार बाईला मजकूर वाचून दाखवला, तिने तो ऐकला, असं इथं शिक्क्यात आहे."  मागं कोणीतरी फुस्सकन हसलं. "जन्मबहिरीनं ऐकला. माझं म्हणणं एवढंच, की हा अर्ज या बाईचा आहे का? की तिच्या आईचा, जी आता नाही? की वकीलबाईंच्या संस्थेचा?"

न्यायाधीशांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. बराच वेळ कागद पाहिला.

"अम्मा," ते मनकर्णाला म्हणाले, "शिक्क्याचं मी सोडून देतो. शिक्के असेच असतात. तुम्ही मला तोंडी सांगा. अंगठ्याच्या वेळी आईनं हिला खुणांनी सांगितलं, हिला कळलं, हे तुम्ही स्वतः पाहिलं? तुमचा शब्द मला पुरे. मी पुढं चालवतो."

नागनाथ खाली मान घालून ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "हो म्हना, बाई. नुसतं हो."

नुसतं हो. भागाबाईनं घरी सांगितलंच असणार. निवांत सांगीन म्हणाली होती. मग यात खोटं ते काय? मागं बयना गठडी घेऊन बसली होती, आणि तिला काय हवं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पाच वर्षांच्या आतलं लेकरू आईजवळ, असं कायदा म्हणतो, आणि कौतिकाला पाच पुरायला एकोणीस दिवस उरले होते. मनकर्णानं तोंड उघडलं.

आणि तिला दिसली ती पाठ. मेथीच्या वाफ्याकडची. जुडी आपटणारे हात. तेव्हा ती पाठ वळली असती, तर? पण कुणी वळवलीच नाही. तिच्याकडं पाहून बोलजा, माय.

"नाही, साहेब," मनकर्णा म्हणाली. "मी पाहिलं नाही. मी आईशी बोलले. हिच्याशी नाही."

नागनाथनं डोळे मिटले. अमृतरावांनी कागद खाली ठेवला. त्यांच्याही चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसलं नाही. न्यायाधीश थोडा वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात वाचलं: अर्ज अर्जदाराने समजून केला असे दिसत नाही, सबब फेटाळला. समजून केलेला नवा अर्ज आला तर तो ऐकला जाईल. तोवर मूल आहे तिथं.

सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

व्हरांड्यात आल्यावर बयनानं गठडी सोडली. आत एक जुना जरीचा परकर होता, चार वर्षांच्या मुलीच्या मापाचा, धुऊन घडी घातलेला, आणि दोन जोंधळ्याच्या लाह्यांचे लाडू. परकर दोन्ही हातांत धरून ती कौतिकाकडं निघाली, हसत. एवढी माणसं जमली, एवढं बोलणं झालं, म्हणजे आता लेक द्यायचीच, असंच तिनं धरलं होतं. मारोतरावानं पोरीला उचललं. बयना त्याच्या मागं जायला लागली. तिला अडवलं ते चंपतनं, कुबडी आडवी करून. अडवता अडवता तो स्वतःच पडता पडता वाचला.

बयना मनकर्णाकडं वळली. तिनं हनुवटीला बोटं लावली आणि भुवया उंचावल्या. कौतिका?

सोळा वर्षांत मनकर्णानं कितीतरी माणसांना हरल्याचं सांगितलं होतं. सांगायची एक रीत असते. पाणी द्यायचं, बसवायचं, अपिलाचं बोलायचं. इथं तिच्याजवळ एक शब्द नव्हता. ती बयनासमोर उभी राहिली, तिच्या तोंडाकडं पाहत, आणि हात नुसते उचलून खाली सोडले.

बयनाला कळलं नाही. तिनं उजवा तळहात तोंडासमोर धरला आणि त्यावर फुंकर मारली, भूस उडवल्यासारखी. मग रिकामा तळहात मनकर्णापुढं केला, भुवया तशाच वर. नाही? गेली?

मनकर्णानं आपला तळहात वर केला. फुंकर मारली.

बयनाच्या भाषेतला मनकर्णानं केलेला पहिला शब्द तो हा.

बयना रडली नाही, ओरडली नाही. परकराची घडी तिनं पुन्हा घातली, लाडू त्यात ठेवले, गठडीला गाठ मारली. मग पायऱ्या उतरून, कुणाची वाट न पाहता, बसस्टँडकडं चालू लागली. मागून मोटारसायकल हॉर्न वाजवत आली, ती बाजूला झाली नाही. चंपत कुबड्या टाकत तिच्यामागं गेला.

"तुमचं शील राह्यलं, बाई," ऑफिसात आल्यावर नागनाथ म्हणाला. तो आतापर्यंत कधी असा बोलला नव्हता. "लेकरू गेलं."

"हो," मनकर्णा म्हणाली.

"एक शब्द होता. एक."

"तो होळीला बोलायचा होता, नागनाथ. तिच्याशी. आज तो माझ्याजवळ नव्हताच."

"आता हे तिले सांगा जाऊन."

  बयनाला पोहोचवून चंपत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यानं खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. तोडून टाकू का म्हणून विचारलं. मनकर्णानं नको म्हटलं. कपाटातून शिक्का मारलेले सगळे अर्ज काढायला लावले. सत्तेचाळीस निघाले. सत्तेचाळीस माणसांकडं पुन्हा जायचं, प्रत्येकाजवळ बसायचं, आणि ज्याला समजलं नसेल त्याचा अर्ज आपणहून मागं घ्यायचा, असं तिनं सांगितलं. नागनाथनं यादी ओढून घेतली. अजून रागातच होता, पण घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेणबत्ती लावली. चौथ्या शीलापाशी नेहमीसारखी थांबली, आणि त्या दिवशी जरा जास्तच थांबली. मग दोन लुगडी, टॉवेल, एक कोरी वही पिशवीत घातली. ऑफिसच्या किल्ल्या नागनाथच्या हाती दिल्या.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"ती बोललेलं मला कळेपर्यंत."

"अन् ती बोललीच नाही तं?"

"तर जुड्या बांधीन."

चंपत दारात उभा होता. "हात पाहा तुमचे," तो म्हणाला. "कोटाच्या खिशात राह्यलेले. खुना करान तं माशा हाकल्यावानी दिसान." हसायला कोणी हसलं नाही. त्यानं पिशवी गळ्यात अडकवून, कुबड्या टाकत, तिला स्टँडपर्यंत सोडलं.

बेल्याची बस लागलेली होती. खिडकीजवळ दोन बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मनकर्णा मागच्या बाकावर जाऊन बसली. कंडक्टर आला.

"कुठं, वकीलबाई? बेला?"

"वाकडी."

"पेशीचे कागद घ्याले चालल्या? संध्याकाळच्या गाडीनं वापस?"

तिनं मान हलवली, नाही म्हणून. तिकीट वहीत ठेवलं. बस निघाली तेव्हा तिनं उजव्या हाताची तीन बोटं हळूच हनुवटीला लावून पाहिली, नीट लागतात का ते.